मंजूची ओळ

नांदूरघाटची गाडी फलाटाला लागली होती, तुळजाने माईकचं बटण दाबलं होतं, ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे’ एवढं म्हणूनही झालं होतं, आणि तेवढ्यात चौकशीच्या खिडकीबाहेर कुणीतरी मंजूसारखं हसलं. खरं तर मंजूसारखं म्हणणं चूकच. गाण्यातल्यासारखं हसलं. बाकड्यावर कॉलेजच्या पोरी बसल्या होत्या. एकीच्या मोबाइलवर ते गाणं लागलेलं, दुसरी ओढणी डोक्यावर घेऊन त्याच्यावर नुसते ओठ हलवत होती आणि तिसरी तिचा व्हिडिओ काढत होती. ‘मी नाही सांडलं, मी नाही भांडलं, पाण्यानंच मला सोडलं गं’, आणि त्या ‘गं’च्या शेपटाला लागून ते हसू, अर्धं गिळलेलं, अर्धं सांडलेलं. ते गाणं तुळजाला नवं का होतं? लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मांडवात, ड्रायव्हर लोकांच्या खिशात, कुठे नव्हतं ते? ऐकून ऐकून ते तिला भिंतीवरच्या घड्याळाइतकं सवयीचं झालं होतं. पण आज त्या पोरीचे मुके ओठ पाहिले आणि तिच्या मनात आलं, मंजू स्वतः कशी हसायची बरं? म्हणून तिने आठवायला घेतलं. काहीच आलं नाही. पुन्हा घेतलं, तर गाण्यातलं हसू आलं. ते बाजूला सारलं, तर त्याच्या मागे काही नव्हतं. हातातल्या माईकचं बटण दाबलेलंच होतं आणि अंबाजोगाईच्या अख्ख्या स्टँडवर तिचा नुसता श्वास ऐकू येत होता.

शेजारच्या खुर्चीवरच्या सुंदररावांनी तिच्या हातातून माईक घेतला आणि आपल्या खरखरीत आवाजात केज, नांदूरघाट उरकून टाकलं. निवृत्तीला टेकलेला भला माणूस. ताई, बरं वाटंना का, म्हणून विचारलं, पाण्याची बाटली पुढे केली, ऊन लई हाय म्हणाला. ती हो म्हणाली. ऊन तर होतंच. भादवा उलटला तरी आभाळ भांड्यासारखं घासून ठेवलेलं, आणि स्टँडवरच्या नळाला गेले कित्येक दिवस नुसती हवा येत होती. पण उन्हाचं हे नव्हतं. पर्स हरवल्यावर माणूस जसा खिसे, पिशव्या, गादीखाली, सगळीकडे हात घालत सुटतो, तशी ती आत चाचपत होती. मंजू गवत टाकताना काय म्हणायची, मंजू रुसल्यावर कशी बोलायची, मंजूने मला शेवटची हाक मारली ती कशी. शब्द सगळे होते. आवाज एकाचाही नव्हता. आणि मग सुंदररावांना काय सांगितलं, अर्ध्या दिवसाची रजा कशी टाकली, तिचं तिलाच कळलं नाही. मघाशी जिचं नाव घेता घेता जीभ अडकली होती, त्याच गाडीत ती चढून बसली होती. जगात मंजूचा आवाज कुणापाशी उरला असेल तर तो तिच्या आईपाशी, वच्छलाकाकूपाशी, एवढं एकच तिला कळत होतं. काकूला जाऊन विचारायचं. काय विचारायचं? ते पोचल्यावर बघू.

गाडी गावाबाहेर पडली आणि दोन्ही अंगाला तीच करपलेली सोयाबीन सुरू झाली. असल्याच एका सालात छावणी पडली होती. साखर कारखान्याने गुरांची छावणी उघडली, माळावर बांबू-ताडपत्रीचं गावच्या गाव उभं राहिलं, आणि घरटी एकजण जनावरांपाशी राहायला गेलं. तुळजा, मंजू आणि साखरा, तिघींच्या घरच्यांनी पोरींनाच पाठवलं. गुरांना वैरण टाका, शेण उचला, टँकर आला की घागरी घेऊन पळा. बाकी दिवसभर काम काय? तर गप्पा. तेवढ्या हालात माणसाने इतकं हसू नये इतक्या त्या हसायच्या. टँकरच्या रांगेत मंजूने ते गाणं रचलं. रचलं कसलं, तोंडाला येईल ते म्हणत गेली. ‘आला आला टँकर, गेला गेला टँकर, घागर माझी बाई कोरडी गं कोरडी’, हे तिघींनी मिळून, आणि मधली ती ओळ एकट्या मंजूची. साखराचा आवाज जाड, घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा. तुळजाला स्वतःचा असा आवाजच नव्हता म्हणा ना, पण ती कुणाचीही नक्कल करायची. कारखान्याच्या चेअरमनची, गुरांच्या डॉक्टरची, मंजूच्या आईची. सगळ्यांत हुबेहूब करायची ती मंजूची. पाठमोरी उभी राहून तुळजाने हाक मारली की मंजूची म्हैस मान वळवायची, आणि मंजू शेणाचा हात घेऊन तिच्या मागे धावायची. म्हैस फसायची, हे तुळजाला आज गाडीत बसून आठवलं. पण मंजूचा आवाज होता कसा? पातळ? नाही, पातळ नव्हता. घोगरा? तसाही नाही. शेवटाला किंचित फाटायचा. कुठल्या शेवटाला? कसा फाटायचा? ते म्हणताना डोळ्यांपुढे मंजूची लांब मान येत होती, मानेवरचा घाम येत होता, आणि तोंड उघडलं की गाण्यातली बाई बोलत होती.

मग ते पिक्चरवाले आले. दुष्काळावर पिक्चर काढत होते, छावणीत शूटिंग करत होते. रांगेतलं गाणं त्यांच्या संगीतकाराने ऐकलं आणि म्हणाला, हेच पाहिजे, ह्याच पोरी पाहिजेत. ‘छावणीच्या पोरी’ हे नावही त्यानेच दिलं. रेकॉर्डिंग सोसायटीच्या गोदामात करायचं ठरलं, कारण भिंतीला लागून पोत्यांची थप्पी होती आणि आवाज घुमत नव्हता. दारावर गोधड्या टांगल्या. आता पोरींना एकटं कसं पाठवायचं? तर मंजूच्या होणाऱ्या सासऱ्याने, आश्रुबा मुकादमाने, आपली जीप काढली. ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा माणूस, पण मनाने लोणी. मंजूची सुपारी फुटून आठवडाही झाला नव्हता. आमची सून पिक्चरमधी गाणार म्हणून गडी हरखून गेला होता. डोक्याला नवा फेटा बांधून आला आणि गोदामात माईकच्या अगदी समोर खुर्ची टाकून बसला, लेकीचं बक्षीस बघायला शाळेत बसावं तसा. आणि तिथेच सगळं अडलं.

कारण सासऱ्यापुढे तोंड उघडून गायचं कसं? गाऊ नको असं कुणीही म्हटलं नव्हतं. मुकादम तर गा गा म्हणून मान डोलवत होता. मंजूने पदर कपाळावर ओढला, तिघी एका माईकभोवती उभ्या राहिल्या, टँकर आला, टँकर गेला, आणि मंजूची ओळ आली तेव्हा तिचे ओठ हलले आणि आवाज आला नाही. कानाला हेडफोन लावलेल्या माणसाने हात वर केला. पुन्हा. पुन्हा तेच. मंजूच्या गळ्याची शीर टरारलेली दिसत होती, घाम नाकावरून ओघळत होता, ओठ बरोबर हलत होते, आणि आवाज कुठेतरी छातीतच पदर घेऊन बसला होता. संगीतकार वैतागला. पुण्याला परत जायचं म्हणून घड्याळ बघायला लागला. मुकादमांना जरा बाहेर बसा म्हणावं, एवढं सोपं होतं, पण ते म्हणणार कोण? होणाऱ्या व्याह्याला बाहेर बसवायचं म्हणजे लग्नच बाहेर बसवण्यासारखं. मंजूने तुळजाकडे पाहिलं. तुळजाने काही ठरवलं वगैरे नाही. पुढच्या खेपेला ती ओळ आली, मंजूचे ओठ हलले, आणि तुळजाने मंजूच्या आवाजात म्हणून टाकली. शेवटचं हसूसुद्धा घातलं. म्हशीला फसवायची तस्सं. संगीतकार उठून उभाच राहिला. मंजूकडे बोट दाखवून म्हणाला, ह्या पोरीचा आवाज म्हणजे काय आवाज आहे! मुकादमाने फेट्याच्या शेवाने डोळे पुसले. मंजूने पदराखालून तुळजाचा हात इतका घट्ट दाबला, की बांगडी मनगटात रुतली. परत येताना जीपमध्ये मागच्या बाजूला तिघी एकमेकींवर पडून हसत होत्या, आणि पुढे बसलेल्या मुकादमाला वाटत होतं, पोरी खूश हायेत.

पिक्चर पडला. गाणं मात्र असं उठलं की विचारू नका. मुंबईला कुणीतरी त्याच्याखाली ढोल घातले, तारा घातल्या, आणि कोरड्या घागरीवर लोक नाचायला लागले. बीडला सत्कार झाला, तिघींना सारख्या साड्या मिळाल्या, आणि छावणीच्या पोरींचा कार्यक्रम तेवढाच. साखराचं लग्न झालं, मंजूचं झालं. मुकादमाने ट्रॅक्टरवर भोंगा लावला आणि दिवाळीनंतर टोळी घेऊन निघाला की कारखान्याच्या उसाच्या फडापर्यंत वाटभर सुनेचं गाणं. मंजू ऊस तोडायची आणि भोंग्यावर मंजू गायची. तुळजाला हे नेहमी गमतीचं वाटायचं. पंचमीला मंजू माहेरी आली, लिंबाला झोका बांधला होता, तेव्हा तुळजा तिला म्हणाली होती, मंजे, आता इथं कुणी न्हाई, तुझी ओळ तू म्हण. मंजूने झोका घेतला आणि म्हणाली. आणि तुळजा खो खो हसायला लागली, कारण मंजू ती ओळ गाण्यातल्यासारखी म्हणत होती. तोच झटका, तेच गिळलेलं हसू. तुळजाची नक्कल. ‘रोज ऐकून ऐकून मलाच वाटायलंय मीच म्हणलंय म्हणून,’ मंजू म्हणाली होती, आणि दोघी पुन्हा हसल्या होत्या. त्यात रडण्यासारखं काय होतं तेव्हा? माणूस समोर होतं, झोक्यावर होतं, आवाज कुठे पळून जाणार होता? त्याच हंगामात ऊस भरलेली ट्रॉली कलंडली. मोळ्या उपसून मंजूला बाहेर काढलं तेव्हा तिचं लेकरू, बायना, फडावरच्या पाचटाच्या कोपीत, झोळीत झोपलेलं होतं. नवऱ्याने, उत्तरेश्वराने, वर्षाच्या आत दुसरी केली. केली तर केली, तोही उसातलाच माणूस, एका कोयत्याला नवरा-बायकोची जोडी लागतेच. बायना आजीकडे आली. गावाने, मुकादमाने, सगळ्यांनी एकच म्हटलं, पोरगी गेली पण आवाज ठेवून गेली. एकदा तुळजा साखराला फोनवर म्हणाली, साखरे, ती ओळ कुणाची हाय, आठवतंय ना? साखरा म्हणाली, आठवंना व्हय, मंजीच लई भारी म्हणली व्हती बाई. त्याच माईकला खेटून उभी होती ही बया! तुळजाने फोन ठेवला आणि मग तिला कधी विचारलं नाही.

म्हणजे आता ठाऊक असलेली ती एकटी. आणि जिला ठाऊक तिच्याच कानात काही उरलेलं नाही. मी तिच्यासारखं म्हटलं, म्हणजे तिचं ते घेऊनच टाकलं का मी? का घेतलं नाही, नुसतं झाकलं? झाकलं असेल तर खाली असायला हवं. गाडी खड्ड्यात आदळली, पुढच्या बाईच्या मांडीवरचं लेकरू रडायला लागलं, आणि ती बाई त्याला जो जो करायला लागली तेव्हा तुळजा आशेने कान देऊन ऐकत राहिली, जसं काही कुणाच्याही गळ्यातून मंजू निघेल. नांदूरघाटला उतरून काकूच्या वाडीपर्यंत ती चालत गेली. वाटेत टँकर गेला. आजही मागे पोरी घागरी घेऊन पळत होत्या, गात कुणी नव्हतं.

वच्छलाकाकू दारात बसून शेळीला लिंबाचा पाला तोडून घालत होती. तुळजाला पाहून ती चकितबिकित झाली नाही. ‘आलीस? बस,’ म्हणाली आणि तांब्यातलं पाणी पुढे केलं, तळाला बोटभर. तुळजाने घसा ओला केला आणि बाकीचं ठेवून दिलं. काकू म्हातारी झाली होती, हात नुसते दोऱ्या झाले होते. मुकादम मधून मधून येतो, नातीला काहीबाही घेऊन येतो, असं सांगत होती. तुळजा तिचं बोलणं ऐकत नव्हती, तिचा आवाज ऐकत होती, त्यात कुठे काही सापडतं का बघत होती. हा तो आवाज नव्हता. ह्याचीही नक्कल तिने कधीतरी केली होती, आता तीही नीट आठवेना. विचारायचं होतं ते ओठावर आणलं आणि तेवढ्यात शाळा सुटली. बायना दप्तर फेकत आत आली. मंजूची मान, मंजूचं कपाळ, बाई बाई बाई, आता ती तोंड उघडेल ह्या भीतीने तुळजा तिच्या ओठांकडे बघत राहिली. भीतीने म्हणा, आशेने म्हणा.

पोरीने मावशी म्हणून मिठी मारली आणि मग सोडून उभी राहिली. शाळेच्या कार्यक्रमात आईचं गाणं म्हणणार होती. बाईंनी सांगितलंय, तुझ्या आईचं गाणं हाय तर तूच म्हण. तिने आजीच्या मोबाइलवर ऐकून ऐकून बसवलं होतं. ऐकतीस का मावशी, ऐक ना, असं करत तिने भिंतीला पाठ लावली, फ्रॉक सारखा केला, डोळे मिटले. टँकर आला, टँकर गेला. मग ओळ आली. ‘मी नाही सांडलं, मी नाही भांडलं’. ते तुळजाचं होतं. सगळं तिचं. गोदामातल्या त्या दुपारी घाईघाईत घेतलेला श्वाससुद्धा पोरीने घेतला होता, जिथे तो घ्यायला नको होता तिथेच. ‘पाण्यानंच मला सोडलं गं’, आणि हसू, अर्धं गिळलेलं, अर्धं सांडलेलं. मंजूच्या लेकीच्या गळ्यात मंजूचा टिपूस नव्हता.

बायनाने डोळे उघडले. ‘मावशी, तू तर व्हतीस तवा,’ ती म्हणाली. ‘माझी आई अशीच म्हणायची का?’

आता सांगता आलं असतं. सांगून काय दिलं असतं तिला? हे तुझ्या आईचं नाही म्हणायचं, तर मग कोणतं तिचं, ते दाखवायला तुळजापाशी काय होतं? पोरगी ओढणीसारखा दोरीवरचा आजीचा टॉवेल खांद्यावर घेऊन उभी होती आणि उत्तराची वाट बघत होती, तोंड किंचित उघडं ठेवून, मंजू ठेवायची तसं.

‘हो,’ तुळजा म्हणाली. ‘अश्शीच म्हणायची.’

पोरीचा चेहरा उजळला. काकूने हातातला पाला शेळीपुढे टाकला, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि घराच्या मागे गेली. गाणं लागलं की काकू उठून जाते हे तुळजाने मागेही पाहिलं होतं. लेकीचा आवाज सोसत नाही बिचारीला, असं सगळ्यांसारखं तिलाही वाटायचं. तुळजा तिच्यामागे गेली. काकू गोठ्याच्या भिंतीला टेकून उकिडवी बसली होती. तुळजा तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, काकू, चुकलं का माझं?

‘न्हाई. लेकराला दुसरं काय सांगावं?’ काकू म्हणाली. मग बोटाने माती उकरत, ‘मी कावून उठून येते म्हाईत हाय का तुला? ते गाणं लागलं की माझ्या कानातली मंजी पुसाय लागती. म्हणून मी ते ऐकतच न्हाई. एकडाव बी पुरं ऐकलं न्हाई मी ते, आज लेकरू म्हणतंय म्हणून बसले. तू लई झ्याक म्हणलीस गं, पर ती माझी लेक न्हाई.’

कधीपासून ठाऊक होतं, असं विचारणंही मूर्खपणाचं होतं. पोटात वाढवलेल्या पोरीचा आवाज आईला दुसऱ्याने शिकवावा लागतो का? काकूच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तुळजाने तिचा दोऱ्यासारखा हात धरला आणि जे विचारायला इतक्या उन्हाची आली होती ते विचारलं. ‘काकू, कसा व्हता गं तिचा आवाज? मला एकदा सांग की.’

‘सांगून येतंय व्हय ते?’ काकू म्हणाली. ‘तुझ्या कानात असंल की. तुमी दोघी तर एका जीवाच्या.’

तेवढ्यात घरात बायनाने मोबाइल लावला. पक्कं करायचं होतं तिला. ढोल वाजले, तारा वाजल्या, टँकर आला. काकूने दोन्ही तळव्यांनी कान गच्च दाबले आणि डोळे मिटले. तिच्या तोंडावरच्या सुरकुत्या हळूहळू सैल झाल्या, ओठ जरासे हलले, कुणाशी तरी बोलत असल्यासारखे, कुणी तरी काही म्हणतंय आणि ही हूं हूं करतेय असे. काकूपाशी मंजू होती. पुरी, धडधाकट, अजून कुणी हात न लावलेली. तुळजा तिच्याकडे बघत राहिली. मग तिनेही आपले तळवे कानांवर ठेवले, जोर करून दाबले, डोळे मिटले, आणि वाट बघायला लागली. बाहेरचं गाणं बंद झालं. शेळी, वारा, सगळं बंद झालं. आत अंधार झाला आणि त्या अंधारात नीट, स्पष्ट, एकही सूर न चुकता ती ओळ सुरू झाली, आणि शेवटाला तुळजा स्वतःच हसली.

काकूने तिच्या गुडघ्याला हात लावला तेव्हा तिने डोळे उघडले. काकू तिच्याकडे वाकून बघत होती, लग्नाच्या पंगतीत शेजारणीला जेवलीस का विचारावं तशा मायेने.

‘आली का मंजी?’ काकूचे ओठ हलले.

तुळजाने कानावरचे हात काढले नाहीत. ‘आली,’ ती म्हणाली.